घराला चिकटून असलेल्या वाफ्यांत वाळवी: औषध ओतायचं की वाफेच काढायचे?

ओसरीवरची | २४ मे, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळ भूगावला आमचं बैठं घर आहे. मागच्या भिंतीला अगदी लागून, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, वाफे केलेत. कडेला जुन्या पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या उभ्या गाडल्यात. आत माती आणि शेणखत, वर तण येऊ नये म्हणून पुठ्ठे, आणि त्यावर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. पालक, मेथी, आंबट चुका, कोपऱ्यात कढीपत्ता, शिवाय गुलाब.

काल आच्छादन उचललं तर पुठ्ठ्याचा वरचा कागद तेवढा शाबूत, खाली सगळा ओलसर मातीचा पापुद्रा. तो नखाने उचकटला तर आत पांढऱ्या अळ्यांसारखी वाळवी सैरावैरा पळायला लागली. फळीचा मातीतला भाग अंगठ्याने दाबला, अंगठा आत गेला. ठिबकच्या नळीवरूनसुद्धा मातीची रेघ चढलेली. पालेभाजीला काही झालेलं नाही. एक गुलाब मात्र वाळलाय आणि त्याच्या बुंध्यावर मातीचा लेप आहे.

शेजारचे काका म्हणतात, क्लोरपायरिफॉस ओता, माझ्याकडे अर्धी बाटली पडून आहे. सासूबाई म्हणतात, खडे मीठ टाका. नवरा म्हणतो, वाफे काढ आणि घर वाचव.

भाजीच्या वाफ्यात असलं औषध चालतं का? आणि ही बया वाफ्यातून घरात शिरते का? मागच्या दाराची चौकट सागवानी आहे, म्हणून जास्त धास्ती.

वेडी_बाभळ | २४ मे, ११:०५

काकांना मेथी देता का? देत असाल तर औषध ओतून झाल्यावर पहिली जुडी त्यांनाच द्या. मत बदलतं का बघू.

मातीखालून | २४ मे, दुपारी १२:४०

कीटकशास्त्र शिकलेय, त्यामुळे प्रतिसाद लांबेल. आधीच माफी.

तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका पातेल्यात शिजवताय. वाफ्यातली वाळवी हा एक प्रश्न, घराच्या भिंतीशी आलेली वाळवी हा दुसरा.

वाफ्यात तुम्ही तिला जेवण वाढलंय: पुठ्ठा, सुकी पानं, उपचार न केलेलं लाकूड आणि सतत ओल. बहुतेक जातींना मेलेलं, वाळलेलं खायचं असतं. म्हणून टवटवीत पालक सोडून तिने फळी धरली. गुलाबाचं बघायचं तर बऱ्याचदा झाड आधी दुसऱ्या कारणाने खंगतं, पाण्याच्या ताणाने किंवा मूळ कुजून, आणि वाळवी नंतर येते. आपण दोघांना एकत्र बघतो आणि खून तिच्या नावावर लावतो. अर्थात सरसकट असं नाही. ऊस, भुईमूग, गहू, नवीन लावलेली कलमं यांची जिवंत मुळं-खोडंही ती खाते, पाणी कमी असेल तर जास्तच.

घराचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्या. वाफ्याची माती भिंतीला टेकली की जोत्याचा तेवढा भाग झाकला जातो. वाळवीचं अंग मऊ, उघड्यावर ती सुकून मरते, म्हणून मातीच्या नळ्या बांधून त्यांच्या आतून फिरते. भिंत मोकळी असेल तर ही नळी तुम्हाला दिसते. वाफा टेकलेला असेल तर ती मातीआडून थेट प्लास्टरच्या भेगेत शिरते आणि तुम्हाला कळतं ते चौकट पोकळ वाजायला लागल्यावर. तिला कायमचं अडवणं अवघड आहे. आली तर दिसेल, एवढी सोय मात्र करता येते.

तर वाफे काढू नका, सरकवा. भिंत आणि वाफा यांत किमान दीड फूट मोकळी जागा, तिथे खडी किंवा फरशी. पालापाचोळा त्या पट्ट्यात नको, ठिबकची नळीही नको.

एक काम करा. पापुद्रा उचकटल्यावर मोठ्या डोक्याचे, तपकिरी सैनिक दिसतील. एकाला चिमट्यात हलकेच धरा. डोक्यातून दुधासारखा पांढरा थेंब येतो का ते सांगा. आला तर कॉप्टोटर्मिस, ती घरातल्या लाकडाची खरी शत्रू. नाही आला आणि नुसता कडकडून चावला, तर बहुधा ओडोंटोटर्मिस, म्हणजे आपली नेहमीची वारूळवाली मंडळी.

मीठ अजिबात नको. वाळवी राहील, पालक जाईल.

वेडी_बाभळ | २४ मे, १२:५१

वाळवीला चिमट्यात धरून तिच्या डोक्यातून दूध येतं का बघायचं. रविवार सत्कारणी लागला.

फवारणीवाला | २४ मे, दुपारी ३:३०

वीस वर्षांवर याच धंद्यात आहे, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात. ताईंचं बरोबर आहे, पण 'बिचारी मेलेलंच खाते' हे ऐकून लोक गाफील राहतात आणि दोन वर्षांनी आम्हाला फोन करतात. ओडोंटोटर्मिससुद्धा चौकटी खाते. मी स्वतः काढलेल्या आहेत, आतून नुसती माती.

अर्धी बाटली ओतणे हा उपचार नाही. इमारतींतल्या वाळवी-प्रतिबंधासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ आहे. त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांसाठी. भिंतीच्या बाहेरून कडेकडेने सळईने साधारण १५ सेंटिमीटरवर एक अशी ३० सेंटिमीटर खोल भोकं पाडायची आणि द्रावण त्यांत सोडायचं. क्लोरपायरिफॉस २० ईसी (म्हणजे २० टक्क्यांचं) असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे १ टक्का. नुसतं वरून शिंपडलं तर वरच्या दोन बोटं मातीत राहतं आणि वाळवी खालून जाते. आजकाल बरेच जण इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी वापरतात. त्याला वास नाही, वाळवीला कळत नाही, ती त्यातून जाते आणि एकमेकींना लावते.

पण हे भिंतीच्या पट्ट्यात. भाजीच्या वाफ्यात कुठलंच नाही. इमिडाक्लोप्रिड तर मुळातून झाडात चढतं, ताटात पालकाबरोबर येईल. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर आधी सांगायचं, काम करणाऱ्याने विचारलं नाही तरी.

निंबोळी | २४ मे, संध्याकाळी ६:१५

आलीच शेवटी विषाची बाटली! क्लोरपायरिफॉस २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (वर्षानुवर्षं न विरघळणाऱ्या विषारी रसायनांवरचा जागतिक करार) यादीत गेलं, ज्यात कधीकाळी डीडीटी आणि आल्ड्रिन गेले. युरोपने २०२० मध्येच बंद केलं. आणि आपण घराभोवती भोकं पाडून भरतोय.

माझा अनुभव: वाफ्यात निंबोळी पेंड, कच्चं शेणखत पूर्ण बंद, आणि मेटारायझियम. ही बुरशी कृषी सेवा केंद्रात पावडर मिळते, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर सावलीत ठेवायची आणि संध्याकाळी मातीत द्यायची. वाळवीच्या अंगावर बुरशी वाढते. आमच्या बागेत वाळवी आहे, पण आटोक्यात आहे.

फवारणीवाला | २४ मे, ६:५०

निंबोळीताई, त्या यादीत सवलतीही ठेवल्यात, तेवढं पूर्ण सांगा. बाकी मेटारायझियमने तुमची बाग वाचली असेल, मान्य. मेटारायझियमवर चौकटीची हमी मात्र मी देणार नाही, आणि तुम्हीही देणार नाही.

मातीखालून | २४ मे, रात्री ८:०२

दोघांचंही थोडंथोडं बरोबर. मेटारायझियम प्रयोगशाळेत झकास चालतं. मातीत मात्र वाळवी आजारी बहिणीला ओळखते, चाटून बुरशीचे कण काढते, नाहीतर तिला मातीत गाडून टाकते. त्यामुळे वसाहत संपत नाही, दाब कमी होतो. वाफ्याला तेवढं पुरतं. भिंतीला पुरत नाही.

चिरेखाण | २४ मे, रात्री ९:२०

मालवणहून. आमच्याकडे जांभ्याची माती, वाळवी नाही असं परसू दाखवा आणि बक्षीस घ्या. हापूसच्या बुंध्यावर मातीचा लेप चढला की नवीन माणूस घाबरतो. लेप खरवडला तर खाली साल बहुतेक वेळा धड असते, ती वरची मेलेली खपली खात असते. आम्ही लेप ब्रशने काढतो आणि पावसाआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचं नाही. फांदी छाटलेली जागा उघडी ठेवली की मात्र वाळवी तिथून गाभ्यात जाते आणि मग झाड आतून पोकळ.

अवांतर: आमची आजी वारूळ मोडू द्यायची नाही. आमच्या भागात सातेरीच्या देवळात वारूळच पुजलं जातं. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरीच. तेव्हा ओसरीवरची, औषध टाकण्याआधी नारळ ठेवा.

डिचोलीकर | २४ मे, ९:४४

आमच्या गोंयांतही सांतेर तीच. वारुळाला आम्ही रोयण म्हणतो. आणि पावसात त्यावर उगवणारी अळमी! तिच्यापुढे बाजारातली बटण मशरूम म्हणजे रबर. मातीखालूनताई, ती वारुळावरच का येते?

मातीखालून | २४ मे, १०:१०

कारण वाळवीच तिची शेती करते. ओडोंटोटर्मिस लाकूड-पानं खाऊन जी विष्ठा टाकते त्याचे स्पंजासारखे सुरकुतलेले गोळे वारुळात रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. लाकडातलं पचायला जड ते बुरशी मऊ करते, मग वाळवी ते खाते. पावसात त्याच बुरशीची छत्री जमिनीवर येते, ती तुमची अळमी. माणसाला ती शेती अजून नीट जमलेली नाही. म्हणून बाजारात मिळते ती रानातूनच गोळा केलेली, आणि म्हणून महाग.

ओसरीवरची, वाफा खणताना अक्रोडाच्या गरासारखे करडे-पांढरे गोळे दिसले तर हीच जात, असंही समजा.

ठोकळा | २४ मे, १०:३५

वराहमिहिराने सहाव्या शतकात जांभळाच्या पूर्वेला वारूळ असेल तर दक्षिणेला गोड पाणी लागेल असं लिहून ठेवलंय. धागाकर्तीने औषधाचा खर्च वाचवून बोअर मारावी.

वेडी_बाभळ | २४ मे, १०:३७

मारावी. पाणी नाही लागलं तर जांभूळ चुकीचं होतं म्हणायचं.

पांढरकवडा_एक्सप्रेस | २५ मे, सकाळी ७:३०

यवतमाळकडून राम राम. आमच्याकडे हिला उधळी म्हणतात. बाप्पा, भुईमुगाच्या शेंगा पोखरून टाकते! शेंगेला बारीक भोक, आत दाण्याऐवजी माती.

बिनऔषधाचा एक जुना उपाय सांगतो. मडक्याला बारीक भोकं पाडायची, आत दाणे काढलेली मक्याची कणसं भरायची, थोडी ओली करायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं. काही दिवसांनी काढलं की कणसं उधळीने भरलेली. शेतात दूर नेऊन उन्हात ओतायची, कोंबड्या असतील तर त्यांची दिवाळी. राणी खालीच राहते म्हणून संपत नाही, पण रोपं लहान असतात तेवढा काळ निघून जातो.

आणि शेणखतात बोटाएवढी जाड, पांढरी, अर्धगोल वळलेली अळी दिसली तर ती हुमणी, उधळी नव्हे. लोक गल्लत करतात आणि भलतंच औषध टाकतात.

निंबोळी | २५ मे, ८:०५

मडक्याचा उपाय एक नंबर. वाचनखूण साठवली.

ह्यूस्टनची_मावशी | २५ मे, ८:४०

आमच्याकडे तर घरच लाकडाचं. भिंतीत आत लाकडी सांगाडा, त्यावर पत्र्यासारखा पातळ थर. त्यामुळे इथे घर विकताना-घेताना वाळवीची तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. पाया जमिनीच्या वर काही इंच उघडा दिसलाच पाहिजे, म्हणून फुलझाडांचं आच्छादन तिथवर चढलं की तपासणी करणारा नाक मुरडतो. मातीखालून यांनी दीड फुटाची जी जागा सांगितली त्याचा अर्थ इथे राहून चांगलाच कळला. आमच्या इकडे फॉर्मोसन नावाची वाळवी आहे, तीही कॉप्टोटर्मिसच. तिच्या नादाला लागू नये.

वाफ्याच्या कडेला लाकूडच हवं का, ओसरीवरची? तिकडे तर विटा, चिरे, शहाबादी तुकडे स्वस्तात मिळतात.

ओसरीवरची | २६ मे, रात्री ९:०५

सर्वांचे आभार. आजचा अहवाल.

सैनिक पकडला. नवऱ्याने पकडला खरं तर, मी मोबाईलचा दिवा धरला. दूध वगैरे काही नाही. चिमट्यालाच चावून बसला, सोडेना. फळीखाली खणलं तर ते अक्रोडाच्या गरासारखे गोळे मिळाले, हातात घेतले की चुरा होतो. म्हणजे वारूळवाली.

फळ्या काढल्या. खाली आणखी खणलं तर भिंतीच्या अगदी पायथ्याशी बांधकामावेळची सेंट्रिंगची फळी आणि खुंट्या निघाल्या, माती भरावात तशाच राहिलेल्या. निम्म्या खाल्लेल्या. म्हणजे वाळवीला आमच्या वाफ्याच्या आधीपासून आमंत्रण होतं. बांधणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "ताई, सगळीकडे असंच असतंय."

आता खरी गोष्ट. वाफा हटवल्यावर जोत्यावर पेन्सिलएवढ्या जाडीची मातीची नळी दिसली. ती मागच्या दाराच्या उंबऱ्याकडे जातेय. चौकट बोटाने वाजवून बघितली, मला तर सगळीकडून सारखीच वाजते.

फवारणीवाला | २६ मे, ९:३०

बोटाने नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवा. खालच्या एक फुटात, कोपऱ्यात आणि चौकट भिंतीला भिडते तिथे. पोकळ असेल तर ढबढब आवाज येतो. रंगाला बारीक फुगे, पापुद्रे आहेत का तेही बघा.

नळी सगळी पाडू नका. मधला बोटभर तुकडा फक्त काढा आणि बघा. काही दिवसांत परत जोडली तर नळी चालू आहे. नाही जोडली तर जुनी किंवा सोडून दिलेली.

आणि त्या दाराजवळ सिंक किंवा बाथरूमची लाईन आहे का? ओल असेल तिथे ती पहिली येते.

मातीखालून | २६ मे, ९:४८

फवारणीवालांना पूर्ण अनुमोदन. सेंट्रिंगच्या खुंट्या हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. फक्त निघाल्या तेवढ्याच असतील असं धरू नका, भिंतीच्या दोन्ही टोकांना आणखी खणून बघा. झाडाचा जुना बुंधा गाडलेला असेल तर तोही.

पेस्ट कंट्रोलवाले बोलावलेच तर त्यांना तीन गोष्टी विचारा: औषधाचं नाव काय, द्रावण किती टक्के, भोकं किती अंतरावर. उत्तर न देता 'आमचं सिक्रेट आहे' म्हणाले तर चहा पाजून रवाना करा.

सदाफुली | २६ मे, १०:२०

याच विषयावर माझं रडगाणं. आमच्या सोसायटीने वर्षाच्या कराराने एकाला बोलावलं. माणूस आला, पाठीवरच्या पंपाने भिंतींवर वास मारून गेला, बिल फाडलं. लिफ्टशेजारच्या मीटरच्या लाकडी पेटीत वाळवी तशीच. आता कळलं, भोकं पाडलीच नव्हती.

एक शंका: माझ्या पाचव्या मजल्यावरच्या कुंडीत वाळवी कशी? उडत आली?

मातीखालून | २६ मे, १०:४१

बहुधा लाल मातीच्या पोत्यातून किंवा नर्सरीच्या रोपाबरोबर. पहिल्या मोठ्या पावसानंतर पंखवाले नर-मादी दिव्यावर येतात खरे, पण त्यांच्यातली बहुतेक मरतात, पाली आणि कावळे वाट बघतच असतात. त्या संध्याकाळी गच्चीचे दिवे घालवून ठेवा, खिडकीत पंखांचा ढीग जमणार नाही. कुंडी रिकामी करा, माती उन्हात पातळ पसरा, पुरे. आणि पंखवाल्या मुंग्या नाहीत ना ते बघा: मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीला कंबर नाही, चारही पंख सारखे.

वेडी_बाभळ | २६ मे, १०:४४

कंबर नाही म्हणून वाळवी. मग मी पण तीच.

ओसरीवरची | २९ मे, संध्याकाळी ७:५०

तुकडा काढलेली नळी आज परत जोडलेली आहे, ओली माती लावून. म्हणजे चालू आहे. चौकटीच्या डाव्या पायाशी, साधारण वीतभर, ढबढब वाजतं. आतल्या बाजूला सिंकचा सांधा ठिबकत होता, प्लंबर आज येऊन गेला.

वाफे दीड फूट पुढे सरकवलेत, कडेला विटा. पुठ्ठा बंद. त्यात निंबोळी पेंड घातली आणि मडकंही पुरलं. काकांची बाटली काकांकडेच.

भिंतीचं काम मात्र माणूस बोलावून करायचं ठरवलंय. पाऊस आठवड्यावर आलाय, आत्ताच उरकून घेऊ का?

फवारणीवाला | २९ मे, ८:२०

नको. आत्ता भोकं पाडून औषध सोडलं आणि मागून जोराचा पाऊस झाला तर औषध वाहून तुमच्याच वाफ्यात जाईल, नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीत. माती चिंब असतानाही ती औषध ओढत नाही. बाहेरच्या पट्ट्याचं काम पाऊस उघडून माती वाफशावर (ना चिंब, ना कोरडी) आली की करा, दिवाळीच्या आधी.

चौकटीचं आत्ता करा. ती घरात आहे, पावसाचा प्रश्न नाही. पोकळ भागात बारीक तिरपी भोकं पाडून लाकडाचं औषध इंजेक्शनने सोडतात आणि भोकं मेणाने बुजवतात. पाय फारच गेला असेल तर सुतार तेवढाच तुकडा कापून नवा सांधून देतो, अख्खी चौकट बदलायची गरज नाही.

पावसाळाभर दर आठवड्याला जोत्यावर नजर टाका. नळी दिसली की झाडूने पाडा. आणि शेजारच्या काकांच्या भिंतीलाही वाफे आहेत का ते विचारा, तुमच्या पट्ट्यातून हाकलली तर ती पुढे त्यांच्याकडेच जाणार आहे.

ओसरीवरची | २९ मे, ८:३१

आहेत. आणि त्यांच्या वाफ्यांना रेल्वेच्या जुन्या स्लीपरच्या कडा आहेत, मोठ्या हौसेने आणलेल्या. उद्या मेथीची जुडी घेऊन जाते, मग विषय काढते.